घरच्या घरी लिनोप्रिंट: छाप भुरकट का येतोय?

काळीशाई | शनिवार, रात्री ११:४०

दोन वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते. आज अडला हरी झालाय, म्हणून धागा काढतेय. (म्हण पूर्ण करत नाही, तुमचीच मदत हवीय.)

मी पुण्यात बीएफएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या सुट्टीत मिरजेला घरी. जानेवारीत लिनोकटची आवृत्ती जमा करायचीय, एकाच ठोकळ्यावरून दहा सारखे छाप. (नवख्यांसाठी: लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, वर उरलेल्या भागाला शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा.) कॉलेजचा प्रेस सुट्टीत कुलपात. म्हटलं घरी करून टाकू, त्यात काय.

विषय घेतलाय स्टँडजवळची रसवंती. चरक, त्याला बांधलेली घुंगरं, उसाची मोळी, बाकड्यावर दोन माणसं आणि वर पाटी. लिनो ए-फोर. कापायला चार दिवस गेले, बोटाला फोड आला, पण कापकाम बरं झालंय असं माझं मत.

काल छापायला घेतलं. तेरा छाप काढले आणि तेरांचंही तेरावं घातलं. काळा म्हणावा तर राखाडी, त्यातही भाकरीला पडतात तसे डाग. चरकाच्या चाकाच्या बारीक रेघा बुजल्या, आणि मोठा काळा भाग मात्र भुरकट. म्हणजे एकाच छापात शाई जास्तही आणि कमीही!

शाई पाण्यात विरघळणारी, ट्यूबमधली. रोलर रबरी, चार इंची. कागद हातकागद, छान जाड. दाबायला आधी लाटणं घेतलं, मग वरवंटा, शेवटी कागदावर फळी ठेवून मी स्वतः उभी राहिले. आई दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

छोट्या प्रेसच्या किमती पाहिल्या आणि ते पान मिटवलं. बाबा म्हणतात गाडीचा जॅक लावून आपणच बनवू. बनवावा का?

आणि हो, सांगायला लाज वाटतेय, पण पाटी उलटी आलीय. 'नवनाथ' लिहिलं होतं, छापात 'थानवन' आलं, तेही आरशातलं.

खटपट्या | रविवार, सकाळी ७:०५

पाटीवरून सकाळी सकाळी चहा नाकात गेला, धन्यवाद.

प्रेस नक्की बनवा. वेल्डरकडून सी चॅनेलची चौकट करून घ्यायची, मध्ये बॉटल जॅक, खाली-वर पंधरा-वीस मिलिमीटरच्या सपाट पाट्या. प्लेट मागे खेचायला दोन स्प्रिंगा. बाबांच्या हाताशी जुना जॅक असेल तर खर्च फक्त लोखंडाचा आणि वेल्डिंगचा. आकृती काढून देतो.

शिवाय तुमच्या चित्रातच प्रेस आहे की! दोन रोल, मधून ऊस. उसाऐवजी लिनो घालायचा.

भेळभत्ता | रविवार, सकाळी ७:३२

चरकाच्या रोलांना खाचा असतात हो. एका फेरीत लिनोचं चिपाड होईल. आलं-लिंबू घालून प्यायला द्या मग.

बाकी 'नवनाथ' नाहीतर 'कानिफनाथ' ही नावं महाराष्ट्रभर कशी काय, तर पुरंदर तालुक्यातल्या बऱ्याच मंडळींनी गावोगाव रसवंत्या टाकल्या आणि कानिफनाथ त्यांच्या श्रद्धेचा. अवांतराबद्दल क्षमस्व.

वृंदाताई | रविवार, सकाळी ९:१५

अगं, प्रेसचं राहू दे बाजूला. मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, ठसेकामाला भेंडी, कांदा, बटाटा आणि वरच्या वर्गांना लिनो. प्रेस नावाची वस्तू आमच्या शाळेने कधी पाहिली नाही. मुलं चमच्याने छापायची.

एवढं सांग: छापताना डोक्यावरचा पंखा चालू होता का? काचेवर शाई पसरताना रोलरचा आवाज कसा येत होता? हातकागदाची कुठली बाजू घेतलीस? आणि लिनो नुसता टेबलावर ठेवला होतास की फळीला चिकटवला होतास?

काळीशाई | रविवार, सकाळी ९:५०

पंखा पाचावर. आवाजाकडे लक्षच दिलं नाही, चिकट चिकट असा काहीतरी. कागदाची बाजू पाहिली नाही ताई, दोन्हीकडून खरखरीतच आहे. लिनो नुसता ठेवला होता, कडा थोड्या वर आल्यात.

वृंदाताई | रविवार, सकाळी १०:२०

मग तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच दिलंस. पाण्याच्या शाईला पंख्याखाली दोन-तीन मिनिटांची मुदत. ए-फोर ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलं. वाळलेली शाई कितीही दाबली तरी कागदावर उतरत नाही, वर उभी काय, नाच केलास तरी. मग तू अजून शाई लावलीस, ती खाचांत गेली. म्हणून रेघा बुजल्या आणि सपाट भाग भुरकट, दोन्ही एकदम.

हातकागद दिसायला देखणा, पण हाताने छापायला वाईट. त्याच्या उंचवट्यांनाच शाई लागते, खोलगट जागा कोऱ्या राहतात. तुझे भाकरीचे डाग ते हेच. एक तर तो ओला करून टिपकागदात दाबून किंचित दमट असताना वापर, पण मग शाई तेलाची पाहिजे. नाहीतर पातळ, गुळगुळीत कागद घे. कोरा लेसर प्रिंटरचा कागदसुद्धा चाचणीला उत्तम. नेपाळी लोकता कागद मिळाला तर त्याची गुळगुळीत बाजू.

आणि लाटणं अजिबात नको. लाटण्याचा दाब एका रेघेवर पडतो आणि कागद पोळीसारखा सरकतो. स्टीलचा मोठा चमचा किंवा लाकडी डाव घे. छापायच्या कागदावर बटरपेपर टाकायचा, त्यावरून चमच्याची पाठ छोट्या छोट्या वर्तुळांत फिरवायची. एक हात कागदावर घट्ट. मध्ये एक कोपरा उचलून बघायचं, कमी वाटलं तर परत ठेवून घासायचं. ए-फोरला दहा-बारा मिनिटं लागतात. दंड दुखला पाहिजे.

चिकित्सक | रविवार, सकाळी ११:१०

प्रामाणिक शंका. लेसर कटरने हाच लिनो बिनचूक कापून मिळतो, पाटीसकट सरळ. छापायचं तर डिजिटल प्रिंट दहा सारख्या येतात. तेरा भुरकट छाप काढण्यात कला कुठे आली? हा सगळा प्रकार म्हणजे अडगळीतल्या तंत्राचं कौतुक वाटतं.

वृंदाताई | रविवार, सकाळी ११:४५

चिकित्सक, हे तंत्र अडगळीतल्या माणसांनी वापरलेलं नाही! १९३० साली चित्रकार नंदलाल बोस यांनी दांडीला निघालेल्या गांधीजींचा लिनोकट केला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा, हातात काठी, पुढे पडलेलं पाऊल. घरोघरी पोचलेलं ते चित्र मोठ्या कॅनव्हासवर झालं असतं तर एकाच भिंतीवर राहिलं असतं. चित्तप्रसाद घ्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारा हा माणूस नंतर मुंबईत अंधेरीला राहिला, हातात पैसा नाही, आणि लिनो कापत बसला. कष्ट करणाऱ्या पोरांचे त्याचे लिनोकट बघा आणि मग 'बिनचूक' शब्द वापरा.

काळीशाई, तू मात्र यातून एक घे. नंदलालबाबूंच्या त्या चित्रात कापलंय ते फक्त उजेड. काळं आहे तसं ठेवलंय. आपण कागदावर पेन्सिलने काळी रेघ काढायला शिकतो आणि मग लिनोवर तीच काळी रेघ शिल्लक ठेवायला तिच्या दोन्ही बाजूंनी अख्खं शेत नांगरत बसतो. तुला चार दिवस लागले ते त्यामुळेच, पैज लावते. पुढच्या वेळी लिनो आधी काळ्या शाईने रंगव आणि त्यावर पांढऱ्या खडूने चित्र काढ. खडू जिथे, तिथे कापायचं.

ट्रेडलमास्तर | रविवार, दुपारी २:३०

जेवून बसलो होतो, मुलाने धागा दाखवला. आमचा कराडला ट्रेडल होता, म्हणजे छपाईचं जुनं यंत्र: लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं. २००४ साली मोडीत काढला. मोठ्या मथळ्याची अक्षरं खिळ्यांत (जुळवायच्या शिशाच्या अक्षरांत) नसली की आम्हीही लिनो कापून लाकडाच्या ठोकळ्यावर मारायचो, त्यामुळे थोडं बोलतो.

बाई सांगतात ते सगळं बरोबर. फक्त शाई बदला. ऑफसेट छपाईचं सामान विकणाऱ्या दुकानात काळ्या शाईचा डबा मिळतो. मोठा पडतो, पण वर्गातल्या चौघींनी वाटून घ्या, कॉलेज संपेल पण डबा संपणार नाही. ही शाई तेलातली, तासभर काचेवर राहिली तरी वाळत नाही. पण जात्याच चिकट असते, पातळ कागदाचे पापुद्रे ओढते. म्हणून वाटाण्याएवढ्या शाईत जवसाच्या तेलाचे दोन थेंब किंवा नखावर मावेल एवढं व्हॅसलीन घालून पॅलेट नाईफने रगडायची. जास्त तेल घातलंत तर अक्षराभोवती पिवळट तेलाची कड उमटते.

आवाजाचं विचारलंय ते फार महत्त्वाचं. काचेवर शाईची एक रेघ ओढायची आणि रोलर सगळ्या दिशांनी, प्रत्येक वेळी उचलून फिरवायचा. उचलला नाही तर त्याच जागेवर तीच शाई फिरत राहते. आधी चपचप आवाज येतो. तेव्हा शाई जास्त आहे. वरून बघितलंत तर संत्र्याच्या सालीसारखी दिसते. पसरत जाल तशी साल बारीक होते, मखमलीसारखी होते, आणि आवाज बदलतो: तव्यावर मोहरी तडतडायच्या आधी तेल बोलतं ना, तसा बारीक चर्रर्र. तो आला की थांबा, ठोकळ्यावर लावा. असे पातळ हात चार-पाच द्या. एकच जाड हात दिला की रेघा बुजल्याच म्हणून समजा.

पहिले दोन-तीन छाप फिकेच येतात. नवा ठोकळा शाई पितो. ते मोजायचे नाहीत.

काळीशाई | रविवार, दुपारी ३:०५

काका, 'तेल बोलतं' हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

केरोसीन घरात नाही आणि आई टर्पेंटाइनचा वास चालवून घेणार नाही. रोलर, काच कशाने धुवायचं?

ट्रेडलमास्तर | रविवार, दुपारी ३:२०

गोडं तेल. आधी जुन्या वर्तमानपत्राने सगळी शाई पुसून घ्या, मग फडक्यावर गोडं तेल, मग भांड्याचा साबण आणि पाणी. बेसिनमध्ये शाई ओतू नका, पाइप तुंबेल आणि आईसाहेबांचा रोष होईल तो वेगळा. जवसाच्या तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका हो. हे तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती ऊब साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. सुटी सुटी पसरून वाळवायची, मग टाकायची. आमच्याकडे हा नियम वडिलांच्या वेळेपासून.

ऱ्हाइनकाठचा | रविवार, रात्री ८:१०

जर्मनीतून. मुळात तुमच्याकडे आहे तो लिनोच आहे का, हे तपासा. आपल्याकडे फरशीवर टाकतात त्या पीव्हीसीलाही लोक लिनोलियम म्हणतात. खऱ्या लिनोच्या पाठीला गोणपाटासारखं तागाचं कापड असतं आणि वास जवसाच्या तेलाचा येतो. नावातच आहे, लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. वाळून घट्ट केलेलं जवसाचं तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुगा, एवढंच. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनला हे सुचलं ते रंगाच्या डब्यातल्या तेलावर धरलेली रबरासारखी साय बघून. १८६० च्या दशकात त्याने पेटंट घेतलं, फरशीसाठी. चित्रकारांच्या हाती तो नंतर लागला. इथे ड्रेस्डेनच्या 'ब्रुके' या चित्रकारांच्या गटातल्या एरिश हेकेलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर काम केलं.

जुना लिनो हवेने वाळून ठिसूळ होतो, कापताना रेघेची कड फुटते. थंडीतही कडक होतो. इथे आम्ही हीटरवर ठेवतो, तुम्ही दहा मिनिटं उन्हात ठेवा. लोण्यासारखा कापला जातो.

काळीशाई | सोमवार, संध्याकाळी ६:४०

पाठीला ताग आहे, खरा निघाला! गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळत घातला. खरंच मऊ होतो.

पण आज वेगळंच झालं. मोळीजवळ थोडं दुरुस्त करायला घेतलं, व्ही गॉज (व्ही आकाराच्या पात्याचं कोरायचं हत्यार) अडकला, मी जोर लावला आणि तो सुटून थेट डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी. तीन टाके. आई आता बोलली. बरंच बोलली.

वृंदाताई | सोमवार, संध्याकाळी ७:००

डावा हात हत्याराच्या पुढे होता ना? कितीदा सांगायचं पोरांना! दोन्ही हात नेहमी पात्याच्या मागे. वळणावर हत्यार फिरवायचं नाही, लिनो फिरवायचा. आणि एक लाकडी आडणी करून घे: फळीच्या वरच्या बाजूला एक पट्टी, खालच्या बाजूला उलट्या टोकाला दुसरी. खालची टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. मग धरायची गरजच राहत नाही.

हत्यार अडकलं याचा अर्थ धार गेली. बोथट पातं जास्त कापतं, फक्त लिनो सोडून बाकी सगळं. कधी धार लावलीस शेवटची?

काळीशाई | मंगळवार, रात्री ९:३०

धार लावायची असते हेच माहीत नव्हतं. 😐

ऐका मग. आमच्या मागच्या बाजूला सतारमेकर गल्ली. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, सतारी नंतर करायला लागले. म्हटलं विचारून तर बघू. लहानपणापासून ज्यांना चाचा म्हणते त्यांच्याकडे पाचही गॉज घेऊन गेले. ते भोपळ्याला गळ्याचं लाकूड बसवत होते. गॉज हातात घेतला, पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. ते घसरलं. म्हणाले, "बेटा, नखात रुततं ते हत्यार. घसरतं तो चमचा."

दगडाला हातही लावला नाही त्यांनी. लाकडाच्या पट्टीला जुन्या पट्ट्याचं चामडं चिकटवलेलं, त्यावर हिरवी पॉलिशची वडी घासली आणि व्ही गॉजची एकेक बाजू मागे ओढत गेले. पुढे ढकलायचं नाही, फक्त मागे. दहा इकडून, दहा तिकडून. मग एका लाकडाच्या तुकड्यात त्याच गॉजने खाच पाडली, त्या खाचेत वडी घासली आणि पातं बाहेरून तिच्यातच फिरवलं. परत नखावर ठेवलं. रुतलं.

घरी येऊन लिनोच्या कोपऱ्यावर एक रेघ मारली. आवाजच नाही! आधी कुरकुर व्हायची, आता सलग कुरळी साल निघते, सफरचंदाच्या सालीसारखी. मी चार दिवस चमच्याने कापत होते तर.

पैसे घेतले नाहीत. एक छाप हवाय म्हणाले, सरळ आलेला.

खटपट्या | मंगळवार, रात्री ९:५५

प्रेसचा प्लॅन माझ्याकडे तयार आहे, नुसतं सांगून ठेवतो.

नीलमोहोर | मंगळवार, रात्री १०:२०

मध्येच विचारते. माझी मुलगी नऊ वर्षांची, हे वाचून मागे लागलीय. आणि रंगीत कसं करतात?

वृंदाताई | बुधवार, सकाळी ८:३०

नऊ वर्षांच्या मुलीला लिनो नको. मोठा खोडरबर दे आणि तू शेजारी बस. नाहीतर भेंडी आहेच.

रंगीत दोन तऱ्हांनी. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, किंवा एकच ठोकळा कापत कापत जायचं: आधी फिका रंग छापायचा, मग जिथे तो हवा तेवढं कापून टाकायचं, मग त्याच कागदांवर पुढचा गडद रंग. पिकासोने दक्षिण फ्रान्समध्ये असताना, १९५९ च्या सुमारास, या दुसऱ्या तऱ्हेने लिनोंचा सपाटा लावला होता. यात मागे फिरता येत नाही. पहिला रंग वीस कागदांवर छापला असेल तर वीसच, एकविसावा जन्मात नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने दोनच रंग घ्यावेत.

काळीशाई | बुधवार, सकाळी ११:००

ताई, पाटीचं काय करू? नवा लिनो कापायला वेळ नाही. पाटी रिकामी ठेवू का?

वृंदाताई | बुधवार, सकाळी ११:२५

रसवंतीची पाटी रिकामी? शोभेल का. पाटीचा तेवढाच आयत कटरने सरळ काप, पट्टी धरून, ताग फुटेपर्यंत. त्याच मापाचा नव्या लिनोचा तुकडा तिथे बसव. सगळा ठोकळा आता एमडीएफच्या फळीवर चिकटव, कडा वर येणं थांबेल.

अक्षरांसाठी ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने, सहा बी, सरळ लिही. मग तो कागद उपडा लिनोवर टाकायचा आणि मागून घासायचं. आपोआप उलटं उमटतं, डोक्याला ताप नाही. कापायच्या आधी आरशात बघ. आणि अक्षरं काळी ठेवू नकोस, पाटी काळी आणि अक्षरं पांढरी. व्ही गॉजचा एकेक फटकारा. 'थ'ची गाठ मोठी ठेव, नाहीतर शाईने भरते.

चिकित्सक | बुधवार, दुपारी १२:१०

नवनाथ उलटं लिहायला आरसा लागतो हे मान्य. पण चिकटवलेला तुकडा एका पातळीत बसणार नाही. केसभर खाली गेला तरी पाटी छापणारच नाही. बघा.

ट्रेडलमास्तर | बुधवार, दुपारी २:१५

चिकित्सकांचं बरोबर आहे, पण त्याला आमच्या धंद्यात औषध होतं. मेकरेडी. एक छाप काढायचा, उलटा धरून उजेडात बघायचा, कुठे फिकं आलंय. फिक्या जागेच्या मापाचा पातळ कागद, पतंगाचा असतो ना तसला, फाडून ठोकळ्याच्या खाली तिथेच चिकटवायचा. फाडायचा, कापायचा नाही. कापला तर त्याची कड छापात दिसते. परत छाप. अजून फिकं, अजून एक. पत्रिकेवरच्या गणपतीच्या ब्लॉकला मी अकरा-अकरा तुकडे लावलेत. गिऱ्हाइकाला वाटायचं मशीन भारी आहे.

तुम्ही फळीवर चिकटवलंय तर तुकडा चिकटवायच्या आधीच त्याच्या खाली कागद घालून बघा. बोट फिरवून जोड लागला नाही पाहिजे.

काळीशाई | शुक्रवार, रात्री १२:५०

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

पाटीच्या तुकड्याखाली पतंगाच्या कागदाचे चार थर लागले. तिसऱ्याला 'नव' आलं, 'नाथ' नाही. डाव्या बाजूला अजून एक फाडका तुकडा घातला आणि आलं. सरळ! रात्री साडेदहाला ओरडले, बाबा उठून आले.

शाई काकांनी सांगितली तीच, व्हॅसलीनसकट. पंखा बंद. काचेखाली पांढरा कागद ठेवला म्हणजे शाई किती पातळ झाली ते कळतं, हे माझं मी शोधलं. आवाज आला, तो चर्रर्र. आणि पहिल्या दोन फिक्या छापांनंतर तिसरा उचलला तो... काळा म्हणजे काळा, ओल्या पाटीसारखा. चरकाच्या चाकातल्या सगळ्या रेघा मोकळ्या. घुंगरांच्या फटीसुद्धा.

कागद सरकू नये म्हणून टेबलावर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवला, ठोकळाही त्यालाच आणि कागदाचा कोपराही त्यालाच टेकवायचा. एकूण सतरा काढले, बारा चांगले. चौदाव्यावर घामाचा थेंब पडला. आता दोरीवर चिमट्यांनी लटकलेत, हॉलमध्ये. वाळेपर्यंत किती दिवस?

ट्रेडलमास्तर | शनिवार, सकाळी ८:००

या हवेत दोन-तीन. पावसाळ्यात आठवडा धरा. बोट लावून बघू नका.

वृंदाताई | शनिवार, सकाळी ८:४०

शाब्बास गं. वाळले की खाली पेन्सिलने: डावीकडे क्रमांक, एक छेद दहा असा, मध्ये नाव, उजवीकडे सही. दहांची आवृत्ती म्हटलीस तर दहाच, उरलेल्या दोनांवर ए.पी. लिही, चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती. पेनने नको.

चिकित्सक | शनिवार, सकाळी ९:३०

फोटो पाहिला. तुकड्याचा जोड सापडला नाही. एक छाप विकत मिळेल का?

काळीशाई | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

चिकित्सक, जमा करून परत मिळाले की नक्की. नऊ छेद दहा तुमचा.

ए.पी. एक चाचांना दिला. त्यांनी चित्र नंतर बघितलं, आधी कडेवरची एक बारीक रेघ नखाने चाचपली आणि मान हलवली. दुसरा रसवंतीवाल्या काकांना नेऊन दिला. त्यांनी गल्ल्याच्या मागे देवाच्या फोटोशेजारी टाचणीने लावला, फुकट दोन ग्लास पाजले आणि म्हणाले, "पाटी रंगवायचीच हाय औंदा. ही अशीच अक्षरं काढून देशील का?" पाटी आठ फुटांची आहे. ही सरळ लिहायचीय, याचीच आता सवय राहिली नाही.

खटपट्या | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

आठ फुटांना प्रेस लागेल.

ट्रेडलमास्तर | मंगळवार, रात्री ८:०५

शाईचा डबा बंद करताना शाईला घासून बटरपेपर चिकटवा, मग झाकण. नाहीतर वर साय धरते.